मसाई पठार ते दाजीपूर: पावसाळ्यातले वनस्पती-नमुने, त्यांची लेबलं आणि जुने संग्राहक

करवीरकाठ | रविवार, सकाळी १०.१५

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मसाई पठार आणि सप्टेंबरअखेर दाजीपूरच्या बाजूचे सडे (कातळाची सपाट पठारं), अशा दोन फेऱ्या ठरवतोय. सहा जण, प्रत्येक फेरी तीन दिवसांची. कॉलेजच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात) आपल्याच जिल्ह्यातल्या सड्यांवरची झाडं जवळजवळ नाहीत, ती उणीव भरून काढायची आहे. एका फेरीत साधारण ४० क्रमांक (एका जागी एका दिवशी गोळा केलेलं एक झाड म्हणजे एक क्रमांक), प्रत्येकाच्या तीन प्रती, असा हिशेब धरलाय.

अडचण पावसाची. पन्हाळ्याकडं त्या दिवसांत धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथं झाड कसं वाळवायचं? डाल्झेल, स्टॉक्स, लॉ हे ब्रिटिश संग्राहक पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच सह्याद्रीत हिंडले आणि त्यांचे नमुने आज लंडनजवळच्या क्यू बागेत अभ्यासाला मिळतात. तेव्हा जमलं, तर आता जमायलाच हवं.

आणखी एक. कुकच्या फ्लोरात (मुंबई इलाख्यातल्या झाडांची वर्णनं देणाऱ्या ग्रंथात) कोल्हापूरच्या नोंदी नेमक्या कुठल्या नावाखाली शोधायच्या? जाणकारांनी सविस्तर लिहावं. विद्यार्थ्यांना हा धागाच वाचायला देणार आहे.

घाटमाथा | रविवार, दुपारी १२.०५

सगळ्यात आधी परवानगी. दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तिथं संशोधनासाठी नुसतं शिरायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि झाड उपटून आणणं ही तर त्याच्याही पुढची गोष्ट. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्ज स्थानिक वन्यजीव विभागामार्फत पाठवा आणि दोन-तीन महिने हाताशी ठेवा. 'अभ्यासासाठी वनस्पती गोळा करणे' असं मोघम लिहिलेला अर्ज प्रश्न विचारत परत येतो. कुठली कुळं, किती नमुने, मुळासकट की फांदी, कुठल्या हर्बेरियमला जमा करणार, तारखा, सहाही जणांची नावं, हे पहिल्याच अर्जात द्या.

मसाईचं वेगळं आहे. कुठला तुकडा वनखात्याचा, कुठला गायरान आणि कुठला खासगी, हे तलाठ्याकडून आधी बघून घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र द्या. त्यांच्या नोंदवहीत गावातली झाडांची नावं असतात, तुमच्या लेबलांना ती उपयोगी पडतील.

एखादी प्रत परदेशी तज्ज्ञाला ओळख पटवायला पाठवायची वेळ आली, तर पोस्टात टाकून मोकळं होता येत नाही. जैवविविधता कायदा २००२ बघा, चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाशी बोला, मगच.

टिपकागद | रविवार, रात्री ९.४०

वाळवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के नमुने इथंच वाया जातात.

झाड प्रेसमध्ये (दाबून वाळवायच्या चौकटीत) गेलं की लगेच मरत नाही, हे आधी ध्यानात घ्या. पेशी बराच वेळ जिवंत राहतात. तेवढ्या वेळात पानं गळतात, फिनॉलसारखी द्रव्यं हवेशी मिळून काळी पडतात आणि दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणजे शत्रू पाणी आहे तसा वेळही आहे. पहिल्या ४८ तासांत जेवढं पाणी काढाल तेवढा रंग राहील.

प्रेस: लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, ३० × ४५ सेंमी, आणि दोन रुंद पट्टे. दोरी चालते, पण सैल पडते. थर असा लावायचा: जाळी, पन्हळी पुठ्ठा, टिपकागद, वर्तमानपत्राच्या घडीत झाड, टिपकागद, पुन्हा पन्हळी पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या पन्हळी आखूड बाजूला समांतर हव्यात, म्हणजे हवेला कमी अंतर जावं लागतं. खोक्याचा पुठ्ठा पावसात मऊ पडून चपटा होतो आणि मग हवा जातच नाही. त्याऐवजी ॲल्युमिनियमचा बारीक पन्हळीचा पत्रा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मापात कापून घ्या, कडा घासून घ्यायला सांगा. एकदा केला की वर्षानुवर्षं चालतो.

तुमच्या हिशेबानं १२० घड्या होतात. एका प्रेसमध्ये तीसच्या वर घड्या घालू नयेत, म्हणजे चार प्रेस. टिपकागद घडीमागे दोन, म्हणजे २४०, आणि बदलायला तेवढेच कोरडे वेगळे. वर्तमानपत्राच्या गुळगुळीत रंगीत पुरवण्या घेऊ नका, त्या पाणी शोषत नाहीत.

पहिल्या दिवशी संध्याकाळी प्रेस बांधलं की दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचंच. झाड तेव्हा मलूल झालेलं असतं आणि ऐकतं. दुमडलेली पानं सरळ करा, एक-दोन पानं उलटी करा म्हणजे खालची बाजू दिसेल, एखादं फूल उघडून पसरा. ही संधी एकदाच मिळते. नंतर पान मोडतं. मग पावसाळ्यात दिवसातून दोनदा टिपकागद बदला. घडीतलं वर्तमानपत्र मात्र बदलू नका, बारीक झाडं त्यात फाटतात. ओले टिपकागद इस्त्रीनं कोरडे होतात, मुक्कामाला वीज असेल तर इस्त्री न्याच.

परत आल्यावर वाळवणपेटी. प्लायवूडची उभी पेटी, तळाशी ६० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब (एलईडी तापत नाही, उपयोग नाही), बल्बपासून प्रेस किमान ३० सेंमी वर, खाली-वर हवेला भोकं. प्रेस आडवं ठेवायचं नाही, कडेवर उभं, म्हणजे पन्हळींतून गरम हवा सरळ वर जाते. तापमान ४० ते ४५ अंश. साठीच्या पुढं गेलं की पानं तपकिरी आणि ठिसूळ होतात. उष्णतेपेक्षा वाहती हवा महत्त्वाची. बंद पेटीत ५० अंशांवर झाड वाळत नाही, शिजतं. गवतं, गेंद एक-दोन दिवसांत वाळतात, जाड पानांना तीन-चार लागतात. पट्टे रोज आवळा, वाळताना गठ्ठा खाली बसतो. सैल प्रेसमध्ये पानं सुरकुततात.

वर्तमानपत्राचं टोक बल्बकडं लोंबत नाही ना, हे रोज बघा. पेटी चालू ठेवून कुलूप लावून घरी जायचं नाही.

वाळलं की नाही, हे गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत पाणी आहे. देठाला धरून उचलल्यावर झाड ताठ राहिलं पाहिजे, मान टाकता कामा नये.

मृगधारा | रविवार, रात्री १०.२०

टिपकागद सर, वीजच नसेल तर? दाजीपूरला तीन दिवस बल्ब-इस्त्री काहीच मिळणार नाही असं धरून सांगा.

टिपकागद | रविवार, रात्री ११.०५

मग स्पिरिटची पद्धत. जर्मन संशोधक श्वाइनफुर्थ यांच्या नावानं ओळखली जाते. ती आफ्रिकेतून आली, पण आपल्या पावसाला अगदी योग्य. वर्तमानपत्राच्या घड्यांत झाडं ठेवा, पंधरा-वीस घड्यांचा गठ्ठा दोऱ्यानं बांधा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ६० ते ७० टक्के अल्कोहोल सगळ्या घड्या भिजतील इतकं ओता. पिशवीचं तोंड घट्ट बंद करा, वरून दुसरी पिशवी. पेशी लगेच मरतात, त्यामुळं पानगळ नाही, बुरशी नाही. गठ्ठा काही आठवडे तसाच राहिला तरी बिघडत नाही. परत आल्यावर उघडून नेहमीसारखं वाळवायचं.

तोटे तीन. रंग जातो, फुलांचा तर पार जातो, म्हणून रंग जागेवरच वहीत लिहायचा. डीएनए खराब होतो. आणि रेक्टिफाइड स्पिरिटला राज्य उत्पादन शुल्काचा परवाना लागतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या नावावर असेल तर त्याची प्रत आणि किती लिटर नेताय ते पत्र सोबत ठेवा. गठ्ठ्यावर जेल पेननं लिहू नका, शाई स्पिरिटमध्ये विरघळते. पेन्सिल. सगळीकडं पेन्सिलच.

सड्यावरची | सोमवार, सकाळी ८.३०

टिपकागद यांनी सामान्य झाडाचं सांगितलं. सड्यावरची झाडं सामान्य नाहीत, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

गेंद (एरिओकॉलॉन): मुळासकट पूर्ण झाड हवं आणि बी पिकलेलं हवं. या प्रजाती वेगळ्या करताना बीच्या कवचावरची नक्षी बघतात. ऑगस्टमध्ये पांढरी बोंडं बघून गोळा केलेले गेंद दिसायला सुंदर, पण प्रजातीपर्यंत ओळख होत नाही. ऑगस्टला जागा हेरून ठेवा, गोळा ऑक्टोबरला करा. मोठी चूक होते ती अशी की एकाच ओल्या खळग्यात दोन-तीन प्रजाती शेजारी-शेजारी असतात, मूठभर उपटलं की एका शीटवर (नमुना चिकटवायच्या जाड कागदावर) तिघी येतात. असा मिश्र नमुना पुढच्या पिढीला गोंधळात टाकतो. भिंगाखाली एकेक झाड वेगळं करूनच घडीत ठेवा. शीट भरण्यापुरती दहा-पंधरा झाडं पुरेत.

सीतेची आसवं आणि पाण्यातला वायतुरा: हातानं कागदावर ठेवलं की गोळा होतो. पसरट ट्रेमध्ये पाणी घ्या, झाड तरंगू द्या, खालून जाड कागद सरकवा, ब्रशनं पानं पसरा आणि कागद तिरका करून हळूहळू उचला. झाड कागदालाच चिकटून वाळतं, ते काढू नका, कागदासकट शीटवर लावा. सीतेच्या आसवांचे मातीतले बारीक फुगे लागतात, म्हणून मातीचा गड्डाच उचलून पाण्यात सोडवा.

तेरड्याची जात: पिशवीत घातलीत की संपली. पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा होतो. जागेवरच प्रेस, फूल टिश्यू पेपरमध्ये, आणि एका फुलाचे भाग सुटे करून शेजारी पसरलेले.

कंदीलपुष्प (सेरोपेजिया, खरचुडी, हमण): दाबलं की कंदिलाचा आकार जातो, आणि ओळख सगळी त्या आकारावर आणि आतल्या किरीटावर. दोन फुलं बाटलीत न्या. ७० टक्के अल्कोहोल चालतं. जास्त चांगलं म्हणजे ९० मिली ५० टक्के अल्कोहोल, ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, ५ मिली फॉर्मलिन. मिश्रण प्रयोगशाळेतच करून न्या, तंबूत फॉर्मलिन मोजू नका. बाटलीत आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी, बाहेरचं लेबल पुसलं जातं.

सापकांदा: नर की मादी, कणसाच्या शेपटीचा रंग, खोडावरचे ठिपके, सगळं वहीत. कंद घ्यावाच लागला तर उभा चिरून अर्धा ठेवा. अख्खा कंद प्रेसमध्ये जिवंत राहतो आणि अंधारात कोंब काढतो. पानफुटीसारखी मांसल झाडं उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवा, फुलं पाण्याबाहेर धरा, मग टिपून दाबा. नाहीतर महिन्यानंतर प्रेस उघडल्यावर त्यांना नवी मुळं फुटलेली दिसतात.

आणि एका फेरीत सडा कळत नाही. सापकांदा, दिपकाडी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या सरीला येतात आणि ऑगस्टपर्यंत फुलं संपतात. आमरी जुलै-ऑगस्ट, सोनकी-कवला सप्टेंबर, गेंदाचं बी ऑक्टोबर. चार छोट्या फेऱ्या करा, तीन दिवसांच्या दोन नकोत.

हिरडाबेहडा | सोमवार, दुपारी ४.१०

करवीरकाठ, कुकच्या प्रश्नाचं उत्तर.

थिओडोर कुक हे मुळात अभियंते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. निवृत्तीनंतर क्यू इथं बसून त्यांनी मुंबई इलाख्याचा फ्लोरा लिहिला, १९०१ ते १९०८ दरम्यान तो भागाभागानं छापला गेला. त्यात प्रदेश फार ढोबळ आहेत: सिंध, गुजरात, कोंकण, दख्खन, उत्तर कानडा. आणि एक 'एस. एम. कंट्री'. म्हणजे सदर्न मराठा कंट्री, दक्षिण मराठा मुलूख: बेळगाव, धारवाड आणि कोल्हापूर-सांगली-मिरजेसारखी संस्थानं. आपला बराचसा भाग त्या अक्षरांखाली आहे. घाटाच्या कडेचा भाग मात्र कधी कोंकणात, कधी दख्खनमध्ये पडलेला सापडेल, म्हणून तिन्हीकडं बघा.

घाटांची नावं जुन्या उच्चारांनी येतात. रामघाट हा चंदगडच्या टोकाला, बेळगावहून सावंतवाडीकडं उतरणारा जुना रस्ता. फोंडाघाट तर तुमच्या दाजीपूरला लागूनच. संग्राहकाच्या नावापुढं उद्गारचिन्ह असेल, जसं 'स्टॉक्स!' किंवा 'लॉ!', तर लेखकानं तो नमुना स्वतः डोळ्यांनी पाहिलाय. चिन्ह नसेल तर ऐकीव किंवा दुसऱ्या पुस्तकातून घेतलेली नोंद. हा फरक विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीच शिकवा.

कुकच्या आधीची साखळी अशी. जॉन ग्रॅहम, मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी, यांची मुंबई परिसरातल्या झाडांची यादी १८३९ ची. छपाई पुरी होण्याआधीच ते वारले आणि उरलेलं काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेलं. मग निकोल डाल्झेल, आधी जकात खात्यात आणि पुढं वनखात्यात, आणि अलेक्झांडर गिब्सन, डॉक्टर, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक आणि मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. या दोघांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ चा. म्हणजे कुणी टपालवाला, कुणी जकातवाला, कुणी डॉक्टर. फिरतीच्या नोकरीत त्यांनी हे केलं.

आता एक मत मांडतो. साहेबांचे दौरे बहुतेक पावसाळ्यानंतर निघत, तंबू ठोकून, रस्ते सुकल्यावर. पावसाळ्यात घाट बंद. म्हणून जुन्या संग्रहांत झाडं-झुडपं भरपूर आणि सड्यावरची चार महिन्यांची झाडं त्या मानानं कमी. सह्याद्रीतल्या सेरोपेजिया, वायतुरा, सापकांदा यांच्या कितीतरी प्रजातींना नावं मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. त्यातल्या बऱ्याच आपल्या शिवाजी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी वर्णन केलेल्या. तुमची ऑगस्टची चिखलातली फेरी म्हणूनच मोलाची आहे.

आजच्या ओळखीसाठी यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याचा फ्लोरा (२००२) हाताशी ठेवा. कुक मागाहून.

मृगधारा | सोमवार, संध्याकाळी ६.००

'दख्खन' एवढीच जागा लिहिली असेल तर त्या नमुन्याचा आज उपयोग काय?

हिरडाबेहडा | सोमवार, रात्री ८.४५

प्रजाती म्हणून उपयोग पूर्ण आहे. जागा म्हणून जवळजवळ नाही. कुठल्या घाटातून, किती उंचीवरून, हे लिहिलेलं नसेल तर पुन्हा शोधायला सगळा सह्याद्री पालथा घालावा लागतो.

उलट उदाहरण बघा. डाल्झेल यांनी फ्रेरिया इंडिका, म्हणजे आपली शिंदळ माकुडी, जुन्नरजवळून वर्णन केली आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं. जागा नेमकी असल्यामुळं पुढच्या लोकांना शोध कुठून सुरू करायचा हे ठाऊक होतं. तिथून एकेक किल्ला, एकेक कडा बघत तिच्या नव्या जागा मिळाल्या.

सड्यावरची | सोमवार, रात्री ९.३०

म्हणूनच लेबलावर 'मसाई पठार, ता. पन्हाळा' एवढं पुरत नाही. पठार केवढं मोठं आहे! जवळच्या गावाचं देऊळ किंवा तळं धरून दिशा आणि अंतर लिहा: 'अमुक देवळापासून वायव्येला १.२ किमी'. मग अक्षांश-रेखांश, दशांशात, पाच स्थळांपर्यंत, डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती मोजणीची पद्धत) असं लिहून. पाच स्थळं म्हणजे साधारण एक मीटर, तीन म्हणजे शंभरेक मीटर. मोबाइल ढगाळ हवेत दहा-वीस मीटर सहज चुकतो, तो फरकही लिहा. उंची, खडक की खळगा की पाण्याची धार, मातीची खोली, शेजारी काय उगवलंय, झाडाची उंची, चीक आहे का, वास, फुलाचा रंग. वाळल्यावर आभाळीचा निळा रंग उरत नाही, तो वहीतच उरतो.

गावकऱ्यांनी सांगितलेलं नाव त्यांच्या उच्चारात, देवनागरीत.

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ७.५०

दुर्मीळ झाडांचे अक्षांश-रेखांश लेबलावर आणि हर्बेरियमच्या नोंदीत पूर्ण ठेवा, पण फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर, ऑनलाइन फोटोत नको. फोटोच्या आतही जागा साठलेली असते, टाकण्याआधी काढून टाका. कंदीलपुष्पाचा कंद खाल्ला जातो आणि शौकीन लोक उपटूनही नेतात.

करवीरकाठ | मंगळवार, दुपारी १.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. चार फेऱ्यांची सूचना मान्य, वेळापत्रक बदलतोय. एक शंका: नरक्या या औषधी झाडाचं नाव वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं का? बाजारात 'मॅपिया' म्हणतात, फ्लोरात नोथापोडाइटिस.

हिरडाबेहडा | मंगळवार, रात्री ८.२०

या एका झाडात नामकरणाचे सगळे नियम दिसतात. ग्रॅहम यांनी १८३९ च्या यादीत त्याला प्रेम्ना निम्मोनियाना म्हटलं, त्याच निम्मोंच्या नावानं. वंश, म्हणजे नावाचा पहिला शब्द, चुकला होता. पुढं वनस्पतिशास्त्रज्ञ वाइट यांनी त्याच झाडाला वासावरून 'फेटिडा' हे विशेषण दिलं आणि मॅपिया फेटिडा हे नाव रूढ झालं. औषधी व्यापारात तेच चिकटलं. पण नियम असा की आधी प्रसिद्ध झालेलं विशेषण टिकतं, वंश बदलला तरी. म्हणून आज नोथापोडाइटिस निम्मोनियाना. टपाल खात्यातल्या माणसाच्या यादीतला एक शब्द इतक्या वर्षांनी वर आला, कारण तो छापलेला होता आणि त्याला तारीख होती.

कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं. १९७२ मध्ये ते नरक्यातही आहे हे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यानंतर घाटातला नरक्या ट्रक भरून गेला. नमुना घेताना फुलांची एक छोटी फांदी पुरे, आणि वनखात्याच्या माणसाला दाखवूनच घ्या.

घाटमाथा | मंगळवार, रात्री ९.१०

किती घ्यायचं, हे आता स्पष्ट लिहू या. वीस झाडं दिसली तर एक, असा सर्वसाधारण दंडक आहे. वीसपेक्षा कमी असतील तर फोटो, नोंद आणि फार तर एक पान. कंदवाल्या झाडांचा कंद जमिनीतच ठेवा, वरचा वेल घ्या. कंदाचा आकार ओळखीला लागतच असेल तर माती बाजूला करून फोटो, माप, आणि पुन्हा झाकून टाका.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर यांनी १८५० मध्ये खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाची (एका आमरीची) सात माणसांची ओझी क्यूसाठी पाठवली. त्यांनीच लिहून ठेवलंय की त्यातली फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोचली. सात ओझी! जिवंत रोपं नेण्याच्या वॉर्ड यांच्या काचेच्या पेट्या तेव्हा वापरात होत्या, संग्राहक फॉर्च्यून यांनी त्याच काळात चीनमधून हजारो चहाची रोपं तशा पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. साधन असूनही एवढा नाश झाला, कारण गोळा किती करायचं यावर मर्यादाच नव्हती. तीन प्रती म्हणजे तीन. एक कॉलेजला, एक विद्यापीठाच्या हर्बेरियमला, एक पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाला. दुर्मीळ झाडाची एकच, तीही विद्यापीठाला, जिथं ती नीट सांभाळली जाईल.

मृगधारा | बुधवार, सकाळी ११.००

गावातल्या नावांबद्दल सड्यावरची यांनी लिहिलं ते फार पटलं. पण नाव सांगणाऱ्या माणसाचं नावही लेबलावर लिहावं का?

हिरडाबेहडा | बुधवार, दुपारी ३.३०

त्यांना विचारून, हो. अगदी लिहावं.

डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे यांचा 'हॉर्टस मलाबारिकस' १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यातलं ज्ञान इट्टी अच्युदन या केरळी वैद्यांचं आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांचं. या तिघांनी कोंकणीत, नागरी अक्षरांत दिलेला दाखला त्या ग्रंथात तसाच छापलाय. नागरीतल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांपैकी तो एक. त्यांनी काय केलं हे आज त्यांच्याच शब्दांत आपल्याला वाचता येतं. शिवाय तिथली झाडं चित्रांतूनच टिकली. शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं त्या चित्रांवरून नावं दिली आणि त्यातल्या कित्येक नावांसाठी आज ते चित्रच प्रमाण-नमुना (ज्याला ते नाव कायमचं जोडलेलं असतं) मानलं जातं.

दापोडीच्या बागेत गिब्सन यांनी एका देशी चित्रकाराकडून झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली, ती एडिनबर्गला आहेत. चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. दीडशेवर चित्रं, आणि काढणारा अनाम. याचं वाईट वाटतं. तुमच्या वहीत वाट दाखवणारा, नाव सांगणारा, प्रेस वाहणारा, सगळे असू द्या.

वडाचीपारंबी | बुधवार, संध्याकाळी ५.४५

डीएनएचा विषय निघालाच आहे म्हणून. स्पिरिटमध्ये घालण्याआधी कोवळ्या, निरोगी पानाचा दोन-तीन सेंमीचा तुकडा चहाच्या रिकाम्या पिशवीत घाला, वर तोच क्रमांक लिहा आणि सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यात टाका. सिलिका पानाच्या वजनाच्या किमान दहापट. एका दिवसात पान कुरकुरीत झालं पाहिजे, नाही झालं तर सिलिका बदला. रंग बदलणारे थोडे दाणे त्यात मिसळा, म्हणजे ओल कळते. वापरलेली सिलिका ओव्हनमध्ये तापवून पुन्हा चालते.

चिकटवण्याचं थोडक्यात: शीट २८ × ४२ सेंमी, जाड, आम्लरहित. फेव्हिकॉल पातळ करून. सेलोटेप कधीच नाही, पाचेक वर्षांत पिवळी पडून सुटते आणि डाग ठेवते. जाड फांदी दोऱ्यानं शिवा. लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात. गळालेली फुलं-बिया कागदी पाकिटात, त्याच शीटवर. कपाटात ठेवण्याआधी घट्ट बंद पिशवीत उणे २० अंशांवर सात दिवस, तंबाखूचा भुंगेरा त्यानं मरतो. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर शीटवर दव धरतं.

जुनी शीट हाताळताना हातमोजे घाला. पूर्वी किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड सर्रास लावत, तो पारा आजही शीटवर असतो. त्या टेबलावर डबा उघडायचा नाही.

करवीरकाठ | गुरुवार, सकाळी ९.२०

आणि समजा खरंच नवीन काही सापडलं तर?

हिरडाबेहडा | गुरुवार, सकाळी १०.४०

आधी ते नवीन नाही असं धरून चाला. फ्लोरा, शेजारच्या राज्यांचे फ्लोरा, मग क्यूच्या संकेतस्थळावरचे आणि इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियमवरचे प्रमाण-नमुने. एकाच झाडावरून ठरवू नका, लागवड केलेल्या झाडातही तोच फरक राहतो का ते पुढच्या पावसात बघा. नाव प्रसिद्ध करताना एक प्रमाण-नमुना आणि तो कुठं ठेवलाय हे दिलंच पाहिजे. प्रमाण-नमुन्याची अट १९५८ पासून आहे. वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट १ जानेवारी २०१२ पासून गेली, इंग्रजीही चालतं. आणि जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथं जमा करावा लागतो.

करवीरकाठ | गुरुवार, दुपारी २.००

शेवटची शंका, टिपकागद सरांना. क्रमांक दर वर्षी १ पासून सुरू करावेत का? आणि प्रेसमध्ये क्रमांकाची चिठ्ठी गळून पडली तर?

टिपकागद | गुरुवार, रात्री ९.१५

नाही. क्रमांक माणसाचा असतो, वर्षाचा नव्हे. जो गोळा करतो त्याचा १ पासून सुरू झालेला क्रम आयुष्यभर चालतो. एका झाडाच्या, एका जागेच्या, एका दिवसाच्या प्रतींना एकच क्रमांक. तेच झाड दहा दिवसांनी फळावर आलेलं घेतलं तर नवा क्रमांक. चुकून एखादा क्रमांक सुटला तर तो रिकामाच राहू द्या, मागाहून भरू नका. ओळख बदलली तर जुनं लेबल फाडायचं नाही, शेजारी नवी चिठ्ठी लावायची: नवं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख.

चिठ्ठी देठाला दोऱ्यानं बांधा, शिवाय तोच क्रमांक वर्तमानपत्राच्या घडीवर बाहेरून पेन्सिलनं. म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. प्रत्येक क्रमांकाचा झाडासकट आणि चिठ्ठीसकट एक फोटो जागेवरच काढा. दोन्ही गेल्या, तर त्या फोटोशी आणि वहीतल्या वर्णनाशी ताडून बघा. पान, देठ, मोडलेलं टोक, किड्यानं खाल्लेली जागा, सगळं जुळलं तरच क्रमांक लावा. वर-खालच्या घड्यांवरून अंदाजानं कधीच लावू नका. जुळलं नाही तर तो नमुना कितीही सुंदर वाळलेला असो, हर्बेरियममध्ये जाता कामा नये. वर्गात पानाचा आकार शिकवायला वापरा.

करवीरकाठ | गुरुवार, रात्री १०.००

समजलं. चिठ्ठ्या आजच कापायला घेतो, भोक पाडून, दोरा ओवून. ३०० पुरतील ना?

टिपकागद | गुरुवार, रात्री १०.१०

४०० करा. चार फेऱ्यांना फोटोच्या, बाटल्यांच्या आणि सिलिकाच्याही लागतील. जाड कागदाच्या, प्लॅस्टिकच्या नकोत, पेन्सिल उठत नाही.